शासनकर्ता वाचक आणि थरारकादंबरी : जॅक रायन मालिकेविषयीच्या वाचकाभिप्रायांचा ऐतिहासिक विचार (१९८४–२००४)

एखाद्या लोकप्रिय कादंबरीविषयी वाचकांनी व्यक्त केलेली मते इतिहासाचे साधन ठरू शकतात काय, हा प्रश्न मराठीतील इतिहासलेखनात क्वचितच विचारला जातो. सनदा, बखरी, दफ्तरे, वृत्तपत्रे यांना साधन म्हणून मान्यता आहे. थरारकादंबरीच्या वाचकाला मात्र ती नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या, त्या समाजाच्या मनोवृत्तीचा शोध त्या वाचनातून घ्यावा, असे आपल्याकडील अभ्यासकांना फारसे वाटले नाही, हे येथे नमूद करावयास हरकत नाही. जर्मन साहित्यमीमांसक हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ मध्ये ‘अपेक्षांचे क्षितिज’ ही संकल्पना मांडली. कोणतीही साहित्यकृती वाचक रिक्त मनाने वाचत नाही. त्याच्या काळाने घडविलेल्या अपेक्षांच्या चौकटीत तो ती वाचतो, असा तिचा आशय होय. अमेरिकन कादंबरीकार टॉम क्लॅन्सी (१९४७–२०१३) यांची जॅक रायन मालिका या दृष्टीने विशेष अभ्यसनीय ठरते. याचे कारण असे की, या मालिकेच्या वाचकांत सामान्य माणसाप्रमाणेच राष्ट्राध्यक्ष, नौदलमंत्री आणि दहशतवादविरोधी यंत्रणेचे प्रमुखही होते, आणि त्यांपैकी काहींचे अभिप्राय शासकीय कागदपत्रांत नोंदले गेले आहेत. शासनकर्ता वाचक कादंबरीकडे रंजनाचे साधन म्हणून न पाहता पुरावा म्हणून पाहू लागतो तेव्हा काय घडते, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

एका बंडाची दोन वाचने

क्लॅन्सी हे मेरीलँड राज्यातील विमा व्यावसायिक. क्षीण दृष्टीमुळे त्यांना सैन्यात जाता आले नाही. त्यांची पहिली कादंबरी ‘द हंट फॉर रेड ऑक्टोबर’ १९८४ मध्ये अ‍ॅनापोलिस येथील नेव्हल इन्स्टिट्यूट प्रेस या नौदलविषयक ग्रंथ छापणाऱ्या संस्थेने प्रसिद्ध केली. या संस्थेने स्वतंत्रपणे प्रसिद्ध केलेली ही पहिलीच कादंबरी होती, आणि लेखकाला आगाऊ मिळालेली रक्कम अवघी ५,००० डॉलर होती. सोव्हिएत नौदलाचा एक कप्तान नवी अण्वस्त्रवाहू पाणबुडी घेऊन अमेरिकेच्या आश्रयास येतो आणि सी.आय.ए.चा विश्लेषक जॅक रायन त्याचा हेतू ओळखतो, हे तिचे कथानक सर्वपरिचित आहे.

या कथानकामागे एक सत्य घटना होती. ८ नोव्हेंबर १९७५ रोजी रीगा बंदरात ‘स्तोरोझेव्हॉय’ या सोव्हिएत युद्धनौकेवर बंड झाले. बंडाचा नेता वालेरी साब्लिन हा नौकेवरील राजकीय अधिकारी, म्हणजे कम्युनिस्ट पक्षाची निष्ठा खलाशांत रुजविण्यासाठी नेमलेला माणूस होता. त्याने कप्तानाला कोंडले व नौका समुद्रात नेली. तिला लेनिनग्राडला न्यावे आणि भ्रष्ट झालेल्या राजवटीविरुद्ध, लेनिनच्या मूळ विचारांकडे परतण्याचे आवाहन जनतेला करावे, असा त्याचा बेत होता. दुसऱ्याच दिवशी सोव्हिएत विमानांनी नौका अडविली. १९७६ मध्ये साब्लिनला मृत्युदंड देण्यात आला. पाश्चात्त्य देशांत मात्र ही नौका स्वीडनकडे पळून चालली होती, अशी समजूत रूढ झाली. अमेरिकन नौदलाच्या पदव्युत्तर विद्यालयात ग्रेगरी यंग यांनी १९८२ मध्ये या घटनेवर प्रबंध लिहिला, आणि तो क्लॅन्सींच्या वाचनात आला.

कादंबरीत या घटनेचे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. प्रत्यक्षात राजकीय अधिकारी बंडखोर होता; कादंबरीत कप्तान बंडखोर आहे आणि राजकीय अधिकारी हा त्याने आरंभीच ठार केलेला पहिला माणूस आहे. प्रत्यक्षातील बंड समाजवादाच्या नावाने झाले. कादंबरीतील बंड समाजवादाचा त्याग करून अमेरिकेकडे निघते. हा बदल लेखकाचा कथात्म अधिकार म्हणून मान्य करता येईल. तथापि त्यामुळे अमेरिकन वाचकाला सोव्हिएत असंतोषाचा एकच अर्थ परिचित झाला, तो म्हणजे पलायनाचा. व्यवस्थेच्या आतून उठणारा, तिच्याच तत्त्वांचा आधार घेणारा असंतोष या वाचनात बसत नव्हता. पुढे गोर्बाचेव्ह यांच्या काळात नेमका तोच निर्णायक ठरला.

तांत्रिक तपशील हे या कादंबरीचे मोठे आकर्षण होते. नौदलाच्या वर्तुळात तिची झपाट्याने चर्चा झाली. व्हाइट हाउसमधील भेटीत नौदलमंत्री जॉन लेहमन यांनी प्रथम, हे छापण्याची परवानगी कोणी दिली, असाच प्रश्न केल्याची आठवण क्लॅन्सी सांगत. वस्तुतः गोपनीय असे त्यांच्या हाती काहीच नव्हते. युद्धनौकांच्या प्रकाशित सूची, नौदलविषयक नियतकालिके आणि लॅरी बाँड यांनी तयार केलेला ‘हारपून’ हा नाविक युद्धाचा पटावरील खेळ ही त्यांची साधने होती. उघड साधने चिकाटीने जुळविली की गुपित हाती आल्याचा भास होतो, हे कोणत्याही इतिहास-संशोधकास ठाऊक असते. वाचकांनी त्या भासालाच प्रामाण्य दिले. राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी कादंबरीची जाहीर प्रशंसा केली आणि १९८५ मध्ये ती सर्वाधिक खपाच्या पुस्तकांच्या यादीत गेली.

रेक्याविकनंतरचा दूरध्वनी

रेगन यांचा दुसरा अभिप्राय अधिक महत्त्वाचा आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये आइसलँडमधील रेक्याविक येथे रेगन आणि गोर्बाचेव्ह यांची शिखर परिषद झाली. अण्वस्त्रे जवळजवळ पूर्णतः नष्ट करण्याच्या टोकापर्यंत ही बोलणी गेली आणि अवकाशातील संरक्षणयोजनेच्या प्रश्नावर फिसकटली. ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर या वृत्ताने अस्वस्थ झाल्या. अण्वस्त्रांचा धाक नाहीसा झाला तर सोव्हिएत पक्षाच्या पारंपरिक सैन्यबळापुढे पश्चिम युरोप उघडा पडेल, ही त्यांची भूमिका होती. परिषदेनंतर उभयतांचे दूरध्वनीवर संभाषण झाले. त्याची ब्रिटिश नोंद २०१५ च्या अखेरीस खुली करण्यात आली. तीत असे आढळते की, रेगन यांनी थॅचर यांना क्लॅन्सींची नुकतीच निघालेली ‘रेड स्टॉर्म रायझिंग’ ही कादंबरी वाचण्याची आग्रहाने शिफारस केली. सोव्हिएत संघाचे हेतू आणि व्यूहनीती यांचे उत्कृष्ट चित्र तीत असल्याचे त्यांचे मत होते.

ही कादंबरी रायन मालिकेतील नाही. ती क्लॅन्सी यांनी लॅरी बाँड यांच्या साहाय्याने रचली. तिचा विषय मात्र त्या संभाषणाशी विलक्षण जुळणारा होता. वॉर्सा करारातील राष्ट्रे आणि नाटो यांच्यात अण्वस्त्रांविना लढले गेलेले युद्ध, आणि त्यात पाश्चात्त्य पक्षाचा अखेर टिकाव लागणे, असे तिचे कथानक आहे. थॅचर यांची शंका नेमकी याच मुद्द्यावर होती. मित्रराष्ट्राच्या प्रमुखाने उपस्थित केलेल्या सामरिक प्रश्नाला राष्ट्राध्यक्षांनी कादंबरीने उत्तर दिले, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. रेगन यांच्यासमोर गुप्तवार्ता विभागाचे अहवालही होतेच. परंतु त्या अहवालांच्या पंक्तीत त्यांनी कादंबरीला बसविले, एवढे या नोंदीवरून निःसंशय म्हणता येते. त्याच रेगन यांनी १९८७ च्या डिसेंबरात मध्यम पल्ल्याच्या अण्वस्त्रांवरील करारावर स्वाक्षरी केली.

सामान्य वाचकाविषयी येथे थोडे सांगितले पाहिजे. ‘क्लिअर अँड प्रेझेंट डेंजर’ (१९८९) या कादंबरीच्या १६ लाखांहून अधिक प्रती खपल्या व त्या दशकातील अमेरिकेतील सर्वाधिक खपाची कादंबरी म्हणून ती गणली गेली. समाजशास्त्रज्ञ जेम्स विल्यम गिब्सन यांनी या साहित्यप्रकाराचा संबंध व्हिएतनाममधील पराभवाशी जोडला आहे. शस्त्रे अचूक, सैनिक निष्कलंक आणि विजय निश्चित अशा जगात तो पराभव पुसला जातो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ते बव्हंशी पटण्यासारखे असले तरी याच कादंबरीला ते पूर्णपणे लागू पडत नाही. तीत कोलंबियातील अमली पदार्थांच्या टोळ्यांविरुद्ध गुप्तपणे पाठविलेले सैनिक वरिष्ठ अधिकाऱ्यांकडूनच वाऱ्यावर सोडले जातात. इराण–काँट्रा प्रकरण ताजे असताना वाचकांनी ती उचलून धरली. आपल्याच राज्यकर्त्यांविषयीचा अविश्वास, हाही या लोकप्रियतेचा एक धागा होता.

शत्रूचा शोध : १९९४

सोव्हिएत संघ १९९१ मध्ये विसर्जित झाला आणि मालिकेपुढे शत्रूचा प्रश्न उभा राहिला. १९९४ च्या ‘डेट ऑफ ऑनर’मध्ये ही जागा जपानला मिळाली. जपानी उद्योगपतींचा एक गट सत्ता हाती घेतो, अमेरिकेच्या अर्थव्यवस्थेवर आघात करतो आणि मारियाना बेटे बळकावतो. १९८९ मध्ये मित्सुबिशी समूहातील कंपनीने न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये मोठा हिस्सा विकत घेतला होता. मोटारींच्या आयातीवरून वाद धुमसत होते. या वातावरणाने कादंबरीचे क्षितिज आधीच आखून दिले होते.

तिच्यावरील सर्वांत गाजलेला अभिप्राय प्रतिकूल होता. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधील परीक्षणात क्रिस्टोफर बकली यांनी तिच्यातील जपानद्वेषावर कडक टीका केली, आणि लेखक व परीक्षक यांच्यात फॅक्सद्वारे खडाजंगी झाली. बकली हे काही डाव्या विचारांचे टीकाकार नव्हते. थोरले जॉर्ज बुश उपराष्ट्राध्यक्ष असताना ते त्यांची भाषणे लिहीत, आणि त्यांचे वडील अमेरिकन परंपरावादाचे अग्रणी होते. म्हणजे आक्षेप घरातूनच आला. जपानी अनुवाद १९९५ मध्ये निघाला. त्याच्या शीर्षकाचा अर्थ ‘जपान–अमेरिका युद्धारंभ’ असा होतो. मूळ शीर्षकातील ‘सन्मानाचे ऋण’ जपानी प्रकाशकाने बाजूस ठेवले आणि वाचकाला कशाची उत्सुकता असेल ते सरळ मुखपृष्ठावर छापले.

भारतीय वाचकाला या कादंबरीत आणखी एक गोष्ट खटकते. जपानच्या कारस्थानात चीनबरोबर भारतही सामील आहे, आणि भारतीय नौदल श्रीलंका गिळंकृत करण्याच्या तयारीत आहे. ही कल्पना निराधार आकाशातून पडलेली नव्हती. १९८७ ते १९९० या काळात भारतीय शांतिसेना श्रीलंकेत होती. १९८८ मध्ये भारताने मालदीवमधील उठाव मोडून काढला. ‘विराट’ ही विमानवाहू नौका आणि भाड्याने घेतलेली अणुपाणबुडी ‘चक्र’ याच सुमारास नौदलात आल्या. १९८९ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने भारताच्या वाढत्या लष्करी सामर्थ्यावर मुखपृष्ठकथा केली. क्लॅन्सींनी हे सारे वाचलेले दिसते. परंतु कादंबरी बाजारात आली तोवर शांतिसेना परतून चार वर्षे झाली होती, ‘चक्र’ परत गेली होती, आणि १९९२ मध्ये भारतीय व अमेरिकन नौदलांनी ‘मलबार’ हा पहिला संयुक्त सराव केला होता. जहाजांची संख्या अचूक आणि राजकारणाची दिशा चुकलेली, असे हे चित्र आहे. ‘एक्झिक्युटिव्ह ऑर्डर्स’ (१९९६) मध्येही भारताचे चित्रण शत्रुपक्षातच आहे.

अखेरची पाने आणि त्यांचे उशिरा झालेले वाचन

‘डेट ऑफ ऑनर’च्या शेवटी, युद्धात भाऊ व मुलगा गमावलेला एक जपानी वैमानिक आपले प्रवासी विमान संसदेच्या संयुक्त अधिवेशनावर आदळतो. राष्ट्राध्यक्ष व बहुसंख्य प्रतिनिधी मारले जातात आणि त्याच संध्याकाळी उपराष्ट्राध्यक्ष झालेला रायन राष्ट्राध्यक्ष होतो. नायकाला सर्वोच्च पदी बसविण्याची ही एक कथात्म युक्ती होती. बकली यांच्या परीक्षणाचा भरही जपानद्वेषावर होता, या प्रसंगाच्या शक्याशक्यतेवर नव्हे.

११ सप्टेंबर २००१ नंतर ही पाने निराळ्या प्रकारे वाचली जाऊ लागली. त्याच दिवशी क्लॅन्सी सी.एन.एन. वाहिनीवर तज्ज्ञ म्हणून उपस्थित होते. विमानाचा क्षेपणास्त्रासारखा वापर होईल असे भाकीत कोणी करू शकला असता असे वाटत नाही, या आशयाचे विधान राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार कॉन्डोलिझा राइस यांनी मे २००२ मध्ये केले, तेव्हा अनेकांना ही कादंबरी आठवली. त्याच महिनाअखेरीस ‘द सम ऑफ ऑल फिअर्स’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. मूळ कादंबरीतील (१९९१) पॅलेस्टिनी दहशतवाद्यांच्या जागी चित्रपटात युरोपीय नवनाझी आले होते. अमेरिकेतील मुस्लिम संघटनेने मूळ चित्रणास आधीपासून हरकत घेतली होती.

या प्रकरणातील सर्वांत बोलका अभिप्राय ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाच्या २००४ च्या अहवालात आहे. दहशतवादविरोधी यंत्रणेचे समन्वयक रिचर्ड क्लार्क यांनी आयोगाला सांगितले की, अपहृत विमानांच्या धोक्याविषयी त्यांना वाटणारी चिंता गुप्तवार्ता विभागाच्या इशाऱ्यांपेक्षा टॉम क्लॅन्सींच्या कादंबऱ्यांतून अधिक उपजली होती. आयोगाने शासनाच्या अपयशांत कल्पनाशक्तीच्या अपयशाची गणना केली आणि कल्पनाशक्तीचा वापर शासकीय यंत्रणेच्या नित्यक्रमात आणावा, असे सुचविले.

या साक्षीचा उल्लेख बहुधा कादंबरीकाराच्या दूरदृष्टीचे प्रमाणपत्र म्हणून केला जातो. इतिहासाच्या अभ्यासकाला ते मान्य करता येणार नाही. ज्या ग्रंथाची शेवटची पाने खरी ठरली असे मानले जाते, त्याच ग्रंथात जपान अमेरिकेवर चढाई करतो आणि भारत श्रीलंकेवर आक्रमणाची सिद्धता करतो. शेकडो पानांचे चुकलेले भाकीत वाचक विसरला आणि काही पाने त्याने जपून ठेवली. २००१ पूर्वी ती निवड कोणालाही करता आली नसती. शिवाय वैमानिकाचा सूड ही कादंबरीतली प्रेरणा आणि संघटित दहशतवाद्यांची वर्षानुवर्षांची तयारी यांत साम्य आहे ते केवळ साधनाचे.

क्लार्क यांच्या साक्षीचे मोल दुसऱ्या कारणासाठी आहे. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या वेळी आकाशमार्गे होणाऱ्या हल्ल्याविरुद्ध त्यांनी स्वतः बंदोबस्ताची आखणी केली होती. त्याआधी, १९९५ मध्ये, मनिला येथे पकडलेल्या अब्दुल हकीम मुराद याने सी.आय.ए.च्या मुख्यालयावर विमान आदळण्याचा विचार झाल्याचे पोलिसांना सांगितले होते. हा जबाब अमेरिकन यंत्रणांना ज्ञात होता. तरीही इतक्या वर्षांनी आयोगापुढे बोलताना एका जबाबदार अधिकाऱ्याला आठवली ती मनिलाची चौकशी नव्हे, कादंबरी. आयोगाच्या अहवालात मुरादचा जबाब आणि क्लॅन्सींच्या कादंबऱ्यांचा उल्लेख ही दोन्ही एकाच प्रकरणात, फारशा अंतराशिवाय, नोंदलेली आहेत.