वाटाण्याचा डेमो

सॉफ्टवेअरवाल्यांना डेमोचं महत्त्व सांगायला नको. आधी चालतंय ते दाखवा, मग पैसे मागा! दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये हेच केलं. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि थांबून थांबून एकेक फ्रेम टिपली. सेकंदाला १६ फ्रेम्स धरल्या तर मिनिटाला ९६०! पडद्यावर मात्र बघता बघता कोंबाचा वेल झाला. ही 'अंकुराची वाढ' पाहून भांडवल मिळालं. १९१५ च्या 'आगकाड्यांची मौज'मध्ये युक्ती तीच, फक्त दोन फ्रेम्सच्या मधे काड्या हाताने सरकवायच्या. हेच स्टॉप मोशन.

फाळक्यांनी सगळं एकट्याने केलं, असं आपण सर्रास म्हणतो. मला ते पटत नाही. 'राजा हरिश्चंद्र'च्या (१९१३) वेळी सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडत, ती धुवत, उन्हात पांढरी चादर धरून कलाकारांवर उजेड पाडत. वर अख्ख्या युनिटचा स्वयंपाक. आजच्या भाषेत लॅब टेक्निशियन, लाइटमन आणि केटरिंग, तीन खाती एका बाईकडे! म्हणजे क्रू होता हो, हुद्दे तेवढे नव्हते. आणि हुद्दा नसला की इतिहासात नाव मागे पडतं...