मॉरिस मायनर : साध्या गाडीचा सांभाळ

मॉरिस मायनर ही १९४८ ते १९७१ या काळात ब्रिटनमध्ये, प्रामुख्याने ऑक्सफर्डच्या काउली भागातील कारखान्यात, तयार झालेली छोटी मोटारगाडी होय. सगळे प्रकार मिळून तिच्या सुमारे १६ लाख गाड्या बाहेर पडल्या. ती शर्यतीसाठी घडवलेली नव्हती आणि श्रीमंतांची मिरवण्याची गाडीही नव्हती. गावोगाव फिरणाऱ्या परिचारिका, शाळाशिक्षक, टपाल खाते, पोलीस आणि पहिल्यांदाच गाडी घेणारी कुटुंबे ती वापरत. जुन्या ब्रिटिश गाड्या जतन करणाऱ्यांमध्ये या सामान्य गाडीला जे स्थान मिळाले, त्याचे मूळ तिच्या बांधणीत आणि तिच्या विपुलतेत आहे.

गाडीची मूळ कल्पना दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. त्या वेळी मॉरिसच्या कारखान्यात युद्धसामग्रीचे काम चालू असतानाच ॲलेक इसिगोनिस हे अभियंते ‘मॉस्क्विटो’ या सांकेतिक नावाने एका छोट्या गाडीचा आराखडा करत होते. इसिगोनिस यांचा जन्म १९०६ साली स्मर्ना, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझमीर, येथे झाला होता. कंपनीचे उपाध्यक्ष माइल्स थॉमस यांनी या आराखड्याची पाठराखण केली. संस्थापक लॉर्ड नफील्ड यांना मात्र गाडीचे गोलसर रूप मुळीच रुचले नाही. त्यांनी तिला ‘पोच्ड’ अंड्याची उपमा दिली. नमुन्याची गाडी तयार झाल्यावर ती अरुंद वाटते, हे इसिगोनिस यांच्या लक्षात आले. त्यांनी ती मधोमध उभी कापून घेतली, दोन्ही भाग चार इंच दूर सरकवले आणि ते प्रमाण कायम केले. बंपर आधीच घडवून झाले होते. म्हणून तेही कापून मध्ये चार इंचांची पट्टी जोडण्यात आली. सुरुवातीच्या गाड्यांवर हा जोड दिसतो आणि जाणकार तो आवर्जून पाहतात.

ऑक्टोबर १९४८ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट येथील मोटार प्रदर्शनात मायनर लोकांसमोर आली. युद्धाने ब्रिटनची तिजोरी रिकामी केली होती. परकीय चलन मिळवून देणाऱ्या कारखान्यांनाच पोलाद सढळ हाताने मिळत असे, त्यामुळे पहिल्या काही वर्षांत पुष्कळ गाड्या परदेशी गेल्या. सुरुवातीला जाळीलगत खाली बसवलेले पुढचे दिवे अमेरिकेतील नियमांमुळे मडगार्डवर उंच घ्यावे लागले, आणि पुढे ब्रिटनमधील गाड्यांनाही तेच रूप मिळाले.

तिची बांधणी त्या काळाच्या मानाने पुढची होती. वेगळ्या चासीऐवजी पत्र्याचा संपूर्ण सांगाडाच भार पेलत असे. पुढच्या चाकांना पीळ घेणाऱ्या पोलादी सळयांचा आधार होता, मागच्या चाकांना पाट्यांच्या स्प्रिंगा होत्या, आणि दंतपट्टीच्या सुकाणूमुळे गाडी वळणावर नेमकी वळत असे. इंजिन मात्र आधीच्या मॉरिस एटचे, ९१८ सीसीचे होते. १९५२ साली मॉरिस आणि ऑस्टिन या कंपन्या एकत्र आल्या आणि मायनरला ऑस्टिनचे ८०३ सीसीचे इंजिन मिळाले. १९५६ मध्ये ९४८ सीसीचे इंजिन व अखंड वक्र पुढची काच घेऊन ‘मायनर १०००’ आली; १९६२ मध्ये इंजिन १०९८ सीसीचे झाले.

चार दारांची, दोन दारांची आणि कापडी छताची गाडी, मालवाहू व्हॅन आणि ‘ट्रॅव्हलर’ असे तिचे प्रकार होते. १९५३ मध्ये आलेल्या ट्रॅव्हलरच्या मागच्या भागाला ॲश लाकडाची चौकट असे. हे लाकूड शोभेपुरते नसून मागच्या भागाचा भार पेलत असे. टपाल खात्याच्या सुरुवातीच्या व्हॅनना रबरी मडगार्ड बसवलेली होती, म्हणजे अरुंद गल्ल्यांत गाडी घासली तरी पत्रा चेपत नसे. डिसेंबर १९६० मध्ये दहा लाखावी मायनर तयार झाली. हा आकडा गाठणारी ती पहिली ब्रिटिश गाडी. त्या निमित्ताने फिक्या जांभळ्या रंगाच्या सुमारे ३५० खास गाड्या काढण्यात आल्या.

कापडी छताची गाडी १९६९ मध्ये, बंद छताची १९७० मध्ये आणि ट्रॅव्हलर १९७१ मध्ये बंद झाली. एव्हाना इसिगोनिस यांचीच १९५९ ची मिनी लोकप्रिय झाली होती. रस्त्यावरच्या मायनरना दुसराही धोका होता. ब्रिटनमध्ये १९६० साली दहा वर्षांहून जुन्या गाड्यांची वार्षिक तपासणी सुरू झाली; १९६७ पासून ती तीन वर्षांच्या गाड्यांनाही लागू झाली. पत्र्याचा सांगाडाच भार पेलत असल्याने तळाला गंज लागला की गाडी तपासणीत नापास होई. हिवाळ्यात रस्त्यांवर टाकल्या जाणाऱ्या मिठामुळे हा गंज झपाट्याने वाढे. हजारो गाड्या अशा भंगारात गेल्या.

जुन्या गाड्या जपण्याची परंपरा ब्रिटनमध्ये त्याआधीपासून होती. नोव्हेंबर १८९६ मध्ये मोटारींवरील वेगाचे कडक निर्बंध सैल झाले, तेव्हा चालकांनी लंडन ते ब्रायटन अशी फेरी काढली. १९२७ पासून तिच्या स्मरणार्थ जुन्या गाड्यांची फेरी निघू लागली. १९३० मध्ये व्हेटरन कार क्लब, १९३४ मध्ये व्हिंटेज स्पोर्ट्स कार क्लब स्थापन झाला. १९५२ मध्ये लॉर्ड माँटेग्यू यांनी ब्यूली येथे वडिलांच्या स्मरणार्थ मोटार संग्रहालय सुरू केले, आणि पुढच्याच वर्षी ब्रायटन फेरीवरचा ‘जेनेव्हीव्ह’ हा चित्रपट गाजला. या सर्वांचा ओढा मोटारयुगाच्या पहाटेकडे किंवा शर्यतीच्या गाड्यांकडे होता. लाखांनी निघालेल्या युद्धोत्तर गाडीला जपण्याजोगी मानले जाऊ लागले ते १९७० च्या दशकात. १९७६ मध्ये मॉरिस मायनर ओनर्स क्लब स्थापन झाला. त्याच सुमारास बाथ शहरात चार्ल्स वेअर यांनी मॉरिस मायनर सेंटर उभे केले. दर काही वर्षांनी नवी गाडी घेण्यापेक्षा एकच गाडी दुरुस्त करत आयुष्यभर वापरणे शहाणपणाचे, असा वेअर यांचा आग्रह होता. पुढे त्यांनी मायनरच्या पत्र्याचे भाग श्रीलंकेत तयार करून घेतले.

मायनर बाळगणे म्हणजे तिची नियमित निगा राखणे. पुढच्या चाकाला धरणाऱ्या ट्रनियन नावाच्या आटे पाडलेल्या सांध्याला वेळच्या वेळी ग्रीस द्यावे लागते. ते चुकले की आटे झिजतात आणि चाक निखळून गाडी रस्त्यावर बसते. ट्रॅव्हलरच्या लाकडात पाणी मुरू नये म्हणून त्याला वार्निश द्यावे लागते. चौकट कुजली तर तपासणीत गाडी नापास होते. ब्रिटनमध्ये १९९९ अखेर शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री थांबली, तेव्हा अनेकांनी इंजिनात कडक धातूच्या व्हॉल्व्ह-सीट बसवून घेतल्या. २०२१ मध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले पेट्रोल आल्यावर इंधनाच्या जुन्या रबरी नळ्या बदलण्याची वेळ आली. ही कामे साध्या पान्यांनी, घरच्या अंगणातही होतात. इंजिनाभोवती हात फिरेल एवढी मोकळी जागा आहे आणि सुटे भाग आजही नव्याने घडवले जातात. गाड्या लाखोंनी निघाल्यामुळेच सुट्या भागांना गिऱ्हाईक उरले, आणि सुटे भाग मिळत राहिल्यामुळे गाड्या टिकल्या.

कायद्यानेही या सांभाळाला हात दिला. चाळीस वर्षांहून जुन्या गाड्यांना ब्रिटनमध्ये ऐतिहासिक वाहन म्हणून रस्ताकर माफ होतो, आणि मोठे फेरफार न केलेल्या अशा गाड्यांना मे २०१८ पासून वार्षिक तपासणीही सक्तीची नाही. गाडी सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मात्र मालकावरच राहते. उत्पादनाच्या जुन्या नोंदी गेडन येथील ब्रिटिश मोटार संग्रहालयात जपल्या आहेत. त्यांवरून गाडी कोणत्या दिवशी तयार झाली, तिचा मूळ रंग आणि इंजिनाचा क्रमांक कोणता होता, याचे प्रमाणपत्र मालकाला मिळू शकते. पहिली मायनरही याच संग्रहालयात आहे.

या घराण्याची एक शाखा भारतात पोहोचली. हिंदुस्तान मोटर्सने मायनर ‘बेबी हिंदुस्तान’ या नावाने आणली, तर मायनरची थोरली बहीण शोभणारी मॉरिस ऑक्सफर्ड ही गाडी भारतात ‘हिंदुस्तान १४’ झाली. ऑक्सफर्डच्याच पुढच्या आवृत्तीतून ॲम्बॅसडर आली आणि पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत तयार होत राहिली. टॅक्सी आणि सरकारी गाडी म्हणून तीही सामान्य वापरातलीच होती. दुर्मीळ गाडी तिच्या किमतीमुळे जपली जाते. मायनरसारखी गाडी टिकते ती ग्रीसचे वेळापत्रक, पत्र्याचा जोड आणि लाकडावरचे वार्निश यांची आठवण ठेवणाऱ्या माणसांमुळे.