बॉयकॉट आणि बहिष्कार

माणसाच्या नांवावरून शब्द बनावा ही गोष्ट इंग्रजी भाषेंत दुर्मीळ नाहीं. ‘सँडविच’ हें खाद्य एका उमरावाचें नांव मिरवितें, ‘कार्डिगन’ हा लोंकरीचा अंगरखा एका सेनापतीचें. परंतु ‘बॉयकॉट’ ह्या शब्दाची जात निराळी आहे. ज्या गृहस्थाचें हें नांव, त्यानें बॉयकॉट केला नव्हता. तो त्याच्यावर झाला होता. येथें क्रियापद बनलें तें कर्त्याच्या नांवाचें नव्हे, कर्माच्या नांवाचें! हा शब्द आपल्याकडे आला तेव्हां त्याच्याजागीं आपण ‘बहिष्कार’ हा जुना शब्द बसविला. ह्या दोन शब्दांचा अर्थ खरोखर एकच आहे काय, हें पाहण्यासारखें आहे.

चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट (१८३२–१८९७) हा मूळचा इंग्लंडांतील नॉर्फोक परगण्याचा. कांहीं काळ तो सैन्यांत होता. लोक त्यास ‘कॅप्टन’ म्हणत, पण तो हुद्दा त्यास कधीं मिळाला नव्हता. आयर्लंडच्या पश्चिमेस मेयो परगण्यांत लॉर्ड अर्न ह्या जमीनदाराचा तो कारभारी होता. पीकपाणी बुडून शेतकरी हवालदील झालेले. १८७९ सालीं मायकेल डेव्हिट व पार्नेल ह्यांच्या पुढारीपणाखालीं ‘लँड लीग’ स्थापन झालेली. १८८० सालीं लॉर्ड अर्नच्या कुळांनीं खंडांत शेंकडा २५ सूट मागितली. जमीनदार शेंकडा १० च्या पुढें जाईना. सप्टेंबरांत बॉयकॉटनें कुळांना जमिनींतून काढण्याची तजवीज आरंभिली.

पुढें जें घडलें त्याचें चित्र डोळ्यांसमोर आणण्यास गांवगाडा पाहिलेल्या मराठी वाचकास प्रयास पडणार नाहींत. घरचे गडी निघून गेले. शेतावर मजूर फिरकेना, लोहार काम करीना, परटीण कपडे धुईना, दुकानदार जिन्नस देईना. टपाल आणणाऱ्या पोरालाही धाक घालण्यांत आला. उभें पीक काढण्यासाठीं उत्तरेकडून सुमारें ५० मजूर आणावे लागले आणि त्यांच्या रक्षणास सुमारें १,००० सशस्त्र शिपाई! पांचशें पौंडांच्या पिकापायीं दहा हजार पौंड खर्च झाला असा त्या वेळीं अंदाज होता. काम आटोपतांच बॉयकॉट सहकुटुंब तेथून निघून गेला. कोणीं त्याचा प्राण घेतला नाहीं. केवळ पाठ फिरवून एका गांवानें साम्राज्याचा कारभार खोळंबविला.

ह्या प्रकारास नांव काय द्यावें? जेम्स रेडपाथ ह्या अमेरिकन वार्ताहरानें नमूद केलेली हकीकत अशी कीं, हा प्रश्न त्याच्यापुढें व तेथील धर्मगुरु फादर जॉन ओमॅली ह्यांच्यापुढें उभा राहिला. ‘ऑस्ट्रसाइझ’ हा शब्द सुचला. प्राचीन अथेन्समध्यें नागरिक खापरीवर नांव कोरून एखाद्यास दहा वर्षें नगराबाहेर घालवीत, त्यावरून तो आलेला. परंतु असा पंडिती शब्द शेतकऱ्यांच्या तोंडीं बसेना. तेव्हां ओमॅलींनीं ‘बॉयकॉट करणें’ हाच प्रयोग सुचविला. त्याच वर्षीं तो वृत्तपत्रांत शिरला आणि लवकरच फ्रेंच, जर्मन, रशियन भाषांनींही तो उचलला.

ह्या कथेची एक बाजू सहसा सांगितली जात नाहीं. १९ सप्टेंबर १८८० रोजीं एनिस येथील सभेंत पार्नेलनें ह्या उपायाचा उपदेश केला, तो जमीनदारावर नव्हे. बेदखल झालेल्या कुळाची जमीन जो दुसरा शेतकरी घेईल त्यास जुन्या काळच्या महारोग्याप्रमाणें दूर ठेवा, असा त्याचा आशय होता. म्हणजे शस्त्र उगारलें गेलें तें प्रथम आपल्यांतल्याच दुबळ्यावर. कारभारी मागून सांपडला. जन्मापासूनच त्यास दोन धारा होत्या.

आतां आपल्या घराकडे वळूं. इंग्रजीस नवा शब्द घडवावा लागला. मराठीस ती अडचण नव्हती. ‘बहिष्कार’ म्हणजे बाहेर करणें, तें जातीबाहेर. वाळीत टाकणें, पंक्तिव्यवहार बंद करणें, ग्रामण्य हा सारा शब्दसंभार आपल्यापाशीं तयार होता, कारण ती क्रिया नित्याची होती. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें चहा घेतल्यावरून जें ग्रामण्य माजलें, त्यांत न्यायमूर्ति रानडे व लोकमान्य टिळक दोघेही सांपडले आणि १८९२ सालीं रानड्यांनीं प्रायश्चित्त घेतलें. १८९३ सालीं धोंडो केशव कर्व्यांनीं विधवेशीं विवाह केला, तेव्हां मुरूडच्या ग्रामस्थांनीं त्यांच्यावर बहिष्कार घातला.

पुढें १९०५ सालीं वंगभंग झाला. विलायती मालाचा बॉयकॉट पुकारला गेला. महाराष्ट्रांत ह्या चळवळीचे अग्रणी टिळकच. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार व राष्ट्रीय शिक्षण ही त्यांची चतुःसूत्री सुप्रसिद्ध आहे. ग्रामण्याची झळ सोसलेल्या पुरुषाच्याच काळांत व त्याच्याच प्रयत्नानें त्या शब्दास राष्ट्रीय तेज चढावें, हा योग विलक्षण खरा. नवा अर्थ जुन्या भांड्यांत ओतला गेला. पण भांड्यास लागलेला जुना वास धुतला गेला नाहीं.

तो वास कोणास येत होता? १९२४ सालीं डॉ. आंबेडकरांनीं ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ स्थापिली आणि महाडच्या सत्याग्रहानंतर, १९२७ च्या एप्रिलांत, ‘बहिष्कृत भारत’ हें पत्र काढलें. एकीकडे ‘बहिष्कार’ हें देशभक्ताचें व्रत असतां दुसरीकडे ‘बहिष्कृत’ हें कोट्यवधि माणसांच्या स्थितीचें वर्णन होतें. मुंबई सरकारनें नेमिलेल्या ज्या समितीचे डॉ. आंबेडकर सभासद होते, तिच्या १९३० च्या अहवालांत ह्या शस्त्राचा उपयोग स्पष्ट दिसतो: अस्पृश्यानें सार्वजनिक विहिरीचा हक्क बजावला, जमीन विकत घेतली, चांगले कपडे घातले किंवा नवरदेवास घोड्यावर बसवून मिरविलें, कीं वाण्यानें धान्य बंद करावें व गांवानें वाट बंद करावी. गोलमेज परिषदेपुढें डॉ. आंबेडकरांनीं असा बहिष्कार गुन्हा ठरविण्याची मागणी केली, आणि तिच्यासाठीं नमुना घेतला तो ब्रह्मदेशांतील १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा.

मागणी मान्य होण्यास फार काळ गेला. मुंबई राज्यानें १९४९ सालीं जातिबहिष्काराविरुद्ध कायदा केला. १९६२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द ठरविला. शेवटीं महाराष्ट्र विधिमंडळानें २०१६ सालीं सामाजिक बहिष्कारास प्रतिबंध करणारा कायदा संमत केला व २०१७ पासून तो अमलांत आला. तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी त्यांत शिक्षा आहे. एकविसाव्या शतकांत असा कायदा करावा लागला, ह्यावरून रोगाचें वय कळतें.

मग बॉयकॉट आणि बहिष्कार हे एक कीं दोन? बाह्य रूप पाहिलें तर दोन्हींत लोहार तोच, परीट तोच, दुकानदार तोच. भेद दिसतो तो दोन प्रश्न विचारल्यावर. नकार देणारा स्वतःचें कांहीं गमावतो, कीं केवळ दुसऱ्याचें हिरावून घेतो? आणि ज्याच्यावर नकाराचा प्रहार होतो, त्यास दुसरें दार उघडें आहे काय? मेयोच्या मजुरानें स्वतःची मजुरी सोडली. विलायती कापड टाकणाऱ्यानें जाडाभरडा कपडा पत्करला. बॉयकॉटला परत जाण्यास इंग्लंड होतें. ज्याचें पाणी गांवानें तोडलें, त्यानें कोठें जावें? शब्दकोश ह्या दोन्ही कृतींस एकाच शब्दाखालीं घालतो, त्यास इलाज नाहीं. तो शब्द उच्चारतांना त्यांतला विवेक मात्र उच्चारणाऱ्यानेंच राखावयाचा असतो.