सोयाबीनची भीती आणि रोजची एक गोळी



दसऱ्याच्या आसपास आमच्या जिंतूरच्या मोंढ्यात सोयाबीनचे ढीग लागतात. आमच्या शेतातलंही थोडं घरी येतं. पूर्वी मी दहा किलो गव्हात एक किलो सोयाबीन मिसळून दळण आणायची. तीन वर्षांपूर्वी माझं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि ते सोयाबीन घरातून बाहेर गेलं. ‘इस्ट्रोजेनसारखं जे जे आहे ते टाळा,’ असं जो तो सांगत होता. इस्ट्रोजेन म्हणजे बाईच्या शरीरात तयार होणारं हार्मोन. माझी गाठ त्याच हार्मोनवर वाढणारी होती, रिपोर्टवर ‘ई.आर. पॉझिटिव्ह’ लिहिलं होतं. म्हणून सोयाच्या वड्या गेल्या, जवसाची चटणी गेली, तोंडाला लावायचं क्रीम गेलं, शाम्पू गेला, प्लॅस्टिकचे डबे गेले. सासूबाईंनी न बोलता डाळीचं पीठ आणि आंबेहळद कालवून दिली.

इथवर काही बिघडलं नव्हतं. मग दशलक्षण पर्व आलं. मी दहा दिवस एकाशन केलं. कॅन्सर परत येऊ नये म्हणून मला टॅमॉक्सिफेनची एक गोळी रोज रात्री घ्यायची होती. सूर्यास्तानंतर पाणीही नाही, म्हणून ती दहा दिवस सुटली. पर्व संपलं, क्षमावाणी झाली, पण पाकिटाला परत हात लावावासा वाटेना. कारण तेवढ्यात फोनवर कुणीतरी पाठवलं होतं की ही ‘हार्मोनची गोळी’ आहे. मनात आलं, क्रीममधला कण टाळते आणि हार्मोनची अख्खी गोळी गिळते, हा कुठला शहाणपणा? घरात कुणाला न सांगता पाच आठवडे मी गोळी घेतली नाही.

तपासणीला गेले तेव्हा डॉक्टर मॅडमनी सरळ विचारलं आणि मीही सरळ सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “ताई, तुम्ही चोराला बाहेर ठेवायला निघालात आणि दाराचं कुलूपच काढून टाकलंत.” त्या एका वाक्याने मी वाचायला बसले. माझी मुलगी परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकते, तिने इंग्रजी कागद समजावून दिले. त्यातून जो इतिहास कळला तो आज तुम्हाला सांगते.

गोष्ट सुरू होते १८९५ साली, स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात. जॉर्ज बीटसन नावाच्या डॉक्टरांकडे ३३ वर्षांची एक बाई आली. स्तनाचा कॅन्सर ऑपरेशननंतर पुन्हा उसळला होता. बीटसन यांना ठाऊक होतं की काही ठिकाणी शेतकरी गाईचं दूध जास्त दिवस टिकावं म्हणून तिची बीजकोशं, म्हणजे ओव्हरी, काढून टाकतात. म्हणजे बीजकोशाचा आणि स्तनाचा काही संबंध असणार. त्यांनी त्या बाईची बीजकोशं काढली आणि गाठी विरघळत गेल्या. ती बाई पुढे जवळजवळ चार वर्षं जगली. हे त्यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध केलं, तेव्हा ‘हार्मोन’ हा शब्दसुद्धा जन्मला नव्हता. बाहेरच्या कुठल्याही क्रीमच्या आधी आपल्या स्वतःच्या शरीरातलं इस्ट्रोजेन हाच मोठा भाग असतो, हे मला इथे पहिल्यांदा समजलं.

दुसरी गोष्ट लंडनची. चार्ल्स डॉड्स हे शास्त्रज्ञ इस्ट्रोजेनसारखं काम करणारं स्वस्त रसायन शोधत होते. १९३६ मध्ये त्यांनी तपासलेल्या रसायनांत एक होतं बिस्फेनॉल ए. त्याचा परिणाम दिसला, पण कमी, म्हणून त्याचं औषध झालं नाही. १९३८ मध्ये त्यांना फार जोरकस रसायन सापडलं, डाय-इथाइल-स्टिलबेस्ट्रॉल, थोडक्यात डीईएस. गर्भ टिकावा म्हणून अमेरिकेत लाखो गरोदर बायकांना ते दिलं गेलं. १९५३ मध्ये शिकागोच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की त्याने गर्भपात टळत नाही, तरी देणं थांबलं नाही. पुढे बोस्टनमध्ये तरुण मुलींना योनीमार्गाचा एक अतिशय दुर्मिळ कॅन्सर होऊ लागला. डॉक्टरांना कारण सापडेना. तेव्हा एका मुलीच्या आईनेच डॉक्टरांना सांगितलं की हिच्या वेळी मी ते औषध घेतलं होतं. मग शोध घेतला तर ८ मुलींपैकी ७ जणींच्या आईने ते घेतलेलं होतं. १९७१ मध्ये हे छापून आलं आणि गरोदरपणात ते देऊ नका असं अमेरिकी सरकारने सांगितलं. ज्या आयांनी ते घेतलं होतं, त्यांच्यात स्तनाचा कॅन्सरही थोडा जास्त आढळला.

म्हणजे भीती उगाच जन्मलेली नाही. २००२ मध्येही असंच झालं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिनच्या एकत्र गोळ्या घेणाऱ्या अमेरिकी बायकांवरचा मोठा अभ्यास मध्येच थांबवावा लागला, कारण त्यांच्यात स्तनाचा कॅन्सर वाढलेला दिसला. पण दोन्ही वेळी बायका काय घेत होत्या ते बघा. जोरकस हार्मोन, औषधाच्या मात्रेत, रोज.

आणि ते कमजोर ठरलेलं बिस्फेनॉल ए? १९५०च्या दशकापासून त्याचं कडक, पारदर्शक प्लॅस्टिक बनू लागलं. पाण्याच्या अनेक मोठ्या जारांचं प्लॅस्टिक याच जातीचं असतं. गरम पदार्थ घातला की ते जास्त सुटतं. आपल्याकडे बाळाच्या दुधाच्या बाटलीत ते नको, असं भारतीय मानक ब्युरोने २०१५ मध्ये ठरवलं. आपण तर पाणी गाळून, उकळून पिणाऱ्या बायका. उकळलेलं पाणी गरम असतानाच प्लॅस्टिकच्या बाटलीत ओतायची माझी सवय मी सोडली. स्टीलची कळशी होतीच.

क्रीम-शाम्पूमध्ये असतात ती पॅराबेन. बुरशी येऊ नये म्हणून ती घालतात. १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये प्रयोगशाळेत दिसलं की ती इस्ट्रोजेनसारखं काम करतात, पण खऱ्या इस्ट्रोजेनपेक्षा हजारो पटींनी कमकुवत. २००४ मध्ये स्तनाच्या गाठींमध्ये पॅराबेन सापडली आणि जगभर घबराट पसरली. पण गाठीत सापडणं म्हणजे गाठ त्यानेच झाली असं नव्हे, आणि तसं त्या अभ्यासात सिद्धही झालं नव्हतं. युरोपने २०१४ मध्ये पाच प्रकारच्या पॅराबेनवर बंदी घातली आणि आणखी दोहोंचं प्रमाण कमी केलं. मी लेबल वाचून बिनपॅराबेनचं क्रीम घेते, कारण त्यात काही जात नाही. आपल्याकडे पिठालासुद्धा मर्यादा असते, पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. ताजं वापरायचं म्हटलं की टिकवायचं रसायन आपोआप कमी लागतं. उटणं मी त्याच हिशेबाने थोडं थोडं करते. पण त्याने कॅन्सर बरा होतो असं मी कुणाला सांगणार नाही.

आता आपल्या मोंढ्यातलं सोयाबीन. त्यात आयसोफ्लेवोन नावाचे वनस्पतीज पदार्थ असतात, रचनेने इस्ट्रोजेनशी मिळतेजुळते. १९९८ मध्ये अमेरिकेत उंदरांवर प्रयोग झाला. माणसाच्या कॅन्सरच्या पेशी टोचलेल्या उंदरांत सोयातल्या अशा एका पदार्थाने गाठ वाढली. तिथून ‘सोया नको’ हे सुरू झालं. पण उंदराचं शरीर सोया आपल्यासारखं पचवत नाही. शांघायमध्ये स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्या ५,०४२ बायकांचा अभ्यास २००९ मध्ये छापून आला. जास्त सोया खाणाऱ्यांत कॅन्सर परतण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण कमी होतं, टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांतही. २०१२ मध्ये अमेरिका आणि चीनच्या मिळून ९,५१४ बायकांचा हिशेब मांडला, तिथेही सोयाने नुकसान दिसलं नाही. सोयाच्या अर्काच्या गोळ्या-पावडरी मात्र वेगळी गोष्ट, त्या आपल्या मनाने घेऊ नयेत. आणि एक गंमत सांगते, रिफाइंड सोयाबीन तेलात आयसोफ्लेवोन जवळजवळ नसतातच. मी वर्षभर सोयाबीन तेलाला घाबरून बसले होते!

शेवटची गोष्ट माझ्या गोळीची. १९६२ मध्ये इंग्लंडमध्ये डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञ बाईने टॅमॉक्सिफेन पहिल्यांदा बनवलं. कंपनीला हवी होती गर्भनिरोधक गोळी. त्या कामाला ती उपयोगी पडली नाही. पण १९७१ मध्ये मँचेस्टरच्या क्रिस्टी हॉस्पिटलात डॉ. मेरी कोल यांनी स्तनाच्या कॅन्सरवर ती वापरून पाहिली आणि गुण आला. गंमत बघा, ही गोळीसुद्धा ‘इस्ट्रोजेनसारखी’च आहे. सारखी आहे म्हणूनच ती स्तनाच्या पेशीत इस्ट्रोजेनच्या जागेवर जाऊन बसते आणि खऱ्याला बसू देत नाही. हाडांत मात्र ती इस्ट्रोजेनसारखं कामही करते. गर्भाशयातही करते, म्हणून पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर लगेच डॉक्टरांना सांगायचं. आपल्या आशाताई देतात ती ‘छाया’ गोळी याच कुळातली, लखनौच्या सरकारी संस्थेत शोधलेली. ज्यांची गाठ माझ्यासारखी असते, त्यांच्यात पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतल्याने मृत्यूचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी होतं. पाच आठवडे मी सोडून दिलं होतं ते हे.

आपल्या भागाचीही एक नोंद आहे. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलने १९८७ पासून बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या खेड्यांची कॅन्सर नोंदवही ठेवली. खेड्यांसाठीची ती देशातली पहिली. मुंबईपेक्षा तिथे स्तनाचा कॅन्सर खूप कमी आणि गर्भाशयाच्या मुखाचा जास्त, असं दिसलं. मला आधी वाटलं, खेड्यात क्रीम नाही म्हणून असेल. पण अभ्यासक आधी पाहतात ते वेगळंच. पहिलं मूल कितव्या वर्षी झालं, मुलं किती, अंगावर किती दिवस पाजलं, वजन किती. या सगळ्याने आपलं स्वतःचंच इस्ट्रोजेन बदलतं. पाळी गेल्यावर ते मुख्यतः चरबीतून तयार होतं. म्हणून मी रोज पहाटे चालते, रविवारी नेमगिरीची चढण चढते.

अनेकान्त आपण स्वाध्यायात वाचतो. एकच वस्तू एका अंगाने एक आणि दुसऱ्या अंगाने वेगळी. ‘इस्ट्रोजेनसारखं’ या शब्दाचंही तेच आहे. कोणतं, किती, शरीरात कुठे, हे विचारल्याशिवाय तो शब्द ना टाकायचा ना धरायचा. टाळणं आपल्याला जमतं, त्यागाची आपल्याला लहानपणापासून सवय आहे. म्हणूनच नको ते टाकून बसण्याचा धोकाही आपल्यालाच जास्त आहे.

आता माझी गोळी सकाळच्या जेवणासोबत असते. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, वेळ कोणतीही चालेल, पण रोज तीच हवी. यंदाच्या पर्वात मी उपवास धरला नाही, एकाशन केलं आणि त्या एका जेवणातच गोळी घेतली. व्रतही मोडलं नाही. तुमच्यापैकी कुणी उपवासापायी किंवा भीतीपायी गोळी बाजूला ठेवली असेल, तर लाजू नका. आजच डॉक्टरांना फोन करा, मग क्रीमचं लेबल वाचायला बसा.

काल गिरणीतून दळण आणलं. दहाला एक, पूर्वीसारखंच.

जय जिनेंद्र.