शाखानायक कसा घडायचा

शाळा सुटल्यावर मुलांना सांभाळणाऱ्यांचं प्रशिक्षण ही आजची कल्पना आहे, असं कुणी म्हणालं की मला राहवत नाही. १९४१ मध्ये पुण्यात राष्ट्र सेवा दल उभं राहिलं, एस. एम. जोशी दलप्रमुख झाले आणि गावोगावच्या मैदानांवर संध्याकाळच्या शाखा भरू लागल्या. मुलं-मुली एकत्र, सगळ्या जातींची. त्या काळात हे फार मोठं धाडस होतं!

शाखा चालवायचा तो शाखानायक. पगार नाही, वयानं मुलांपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठा. त्याला घडवायची शिबिरं आणि अभ्यासवर्ग. मी सत्तरच्या दशकात अशाच एका शिबिरात शिकले. सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, संध्याकाळी प्रत्येकानं खेळ घेऊन दाखवायचा. मी लंगडी घेतली. शिबिरप्रमुख ताईंनी नियमांबद्दल चकार शब्द काढला नाही. एवढंच विचारलं, "कडेला उभ्या असलेल्या त्या मुलीचं नाव काय?" दुसऱ्या दिवशी पुन्हा लंगडी, आणि त्या मुलीकडे गडी मोजायचं काम.

१९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी महाराष्ट्रभर फिरले, तेव्हा सोबत सेवा दलाचं कलापथक होतं. नेतृत्वाचं शिक्षण असं रस्त्यावरही झालं.

आज अभ्यासिका, पाळणाघरं, छंदवर्ग चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: आपल्या ताई-दादांसाठी वर्षातून एक तरी निवासी शिबिर भरवा.