इंद्रजाल कॉमिक्स : वेताळाच्या गुहेपासून मोंगो ग्रहापर्यंत

मार्च 1964 मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी, बेनेट कोलमन कंपनीने, ‘इंद्रजाल कॉमिक्स’चा पहिला अंक काढला. नायक होता ली फॉक यांचा वेताळ. पहिले 32 अंक त्याचेच होते. आरंभीच्या दहा अंकांत तर चित्रकथेला अवघी 16 पाने मिळाली, उरलेली इतर मजकुराने भरावी लागली. या उभारणीत सहभागी असलेल्या अनंत पै यांनी 1967 मध्ये ‘अमर चित्रकथा’ सुरू केली. इंद्रजालची मुखपृष्ठे रंगवणारे बी. गोविंद मात्र वाचकांच्या नजरेत कायमचे बसले.

परदेशी माल जसाच्या तसा उतरवून चालणार नव्हते. वेताळाचा ‘बेंगाला’ बंगालची आठवण करून देई, म्हणून तो ‘डेंकाली’ झाला. ‘सिंग’ चाच्यांचे ‘सिंगा’ झाले. मूळ कथा वृत्तपत्रातल्या रोजच्या तीन-चार चौकटींच्या. कालचा धागा आज पुन्हा सांगणाऱ्या. त्या जुळवून, कापून पुस्तकाच्या पानात बसवणे हे संपादकांचे न दिसणारे काम होते. त्यात काही चौकटी गेल्या, काही कथा आखूड झाल्या, हेही नोंदवले पाहिजे.

वेताळापाठोपाठ जादूगार मँड्रेक आला आणि आला फ्लॅश गॉर्डन. अॅलेक्स रेमंड यांनी 7 जानेवारी 1934 रोजी जन्माला घातलेला हा वीर मोंगो ग्रहावर मिंग या जुलमी सम्राटाशी लढतो. सोबत डेल आर्डेन आणि डॉ. झारकॉव्ह. पण हे युद्ध तिघांचे राहत नाही. अरण्यवासी आर्बोरियाचा बॅरिन आणि पंखधारी माणसांचा राजा व्हल्टन हेही पुढे मिंगविरुद्ध उभे राहतात. परग्रहवासीयांना सरसकट शत्रू न मानणारी ही लढाई त्या काळच्या पुष्कळ अंतराळकथांहून शहाणी होती.

ती मराठीत आली, हे इंद्रजालचे मोठे देणे. त्या काळी इंग्रजीचे धडे पाचवीत गिरवू लागणाऱ्या शिरोळ, कुरुंदवाडच्या मुलाला मूळ चित्रपट्टी काय वाचता येणार? मराठी, हिंदी, बंगाली, गुजराती, तमिळ अशा भाषांतल्या आवृत्त्यांनी ती अडचण दूर केली. भाषांतरकारांची नावे मात्र फारशी कोणाला ठाऊक झाली नाहीत.

1976 मध्ये आबिद सुरती यांनी लिहिलेला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी रेखाटलेला ‘बहादूर’ दाखल झाला. परक्या नायकांच्या रांगेत डाकूंशी झुंजणारा अस्सल भारतीय उभा राहिला. मासिक म्हणून निघालेले इंद्रजाल पुढे पाक्षिक आणि 80 च्या दशकात साप्ताहिक झाले.

त्याच दशकात दूरदर्शन घराघरांत पोहोचले. 1987 पासून रविवारची सकाळ ‘रामायण’ मालिकेची झाली. डायमंड आणि राज कॉमिक्सचे नायकही स्पर्धेत होते. 1990 मध्ये प्रकाशन थांबले, तेव्हा 803 अंक झाले होते.

आज हे अंक संग्राहक जपतात, जुन्या बाजारात शोधतात. शिरोळ-जयसिंगपूरकडे कुणाच्या माळ्यावर एखादा गठ्ठा निघाला, तर तो रद्दीत घालू नये. आणि क्रमांक लावताना 123 व 124 सापडले नाहीत म्हणून खंत करू नये. टाइम्समधील संपामुळे ते दोन अंक निघालेच नव्हते.