निर्वाण : अर्थ आणि उगम

निर्वाण ही बौद्ध धम्मातील मध्यवर्ती संकल्पना होय. मराठीत हा शब्द बहुधा मृत्यूशी जोडला जातो. थोर व्यक्तीच्या देहावसानाला निर्वाण म्हणतात, तर 'निर्वाणीचा इशारा' या प्रयोगात 'अखेरचा' हा अर्थ असतो. बुद्धवचनातील अर्थ मात्र मृत्यूपुरता मर्यादित नाही.

संस्कृत 'निर्वाण' व पाली 'निब्बान' या शब्दांच्या मुळाशी 'निर्' हा उपसर्ग आणि 'वा' (वाऱ्याचे वाहणे) हा धातू आहे. दिवा किंवा अग्नी विझणे, हा त्यांचा शब्दशः अर्थ. पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोष यांनी 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात वेगळी व्युत्पत्ती दिली आहे. 'वान' म्हणजे तृष्णा; तिच्यातून बाहेर पडणे म्हणजे निब्बान.

विझायचा तो अग्नी कोणता, याचे उत्तर 'आदित्तपरियाय सुत्ता'त मिळते. पूर्वी अग्निपूजक असलेल्या एक हजार भिक्खूंना गयासीस येथे बुद्धांनी हा उपदेश केला. डोळे, कान, मन आदी सहाही इंद्रिये राग, द्वेष व मोह यांच्या अग्नीने पेटलेली आहेत, असे त्यांनी सांगितले. येथे 'राग' म्हणजे संताप नव्हे, तर आसक्ती. संयुत्त निकायात सारिपुत्तांनी या तिन्हींच्या क्षयालाच निब्बान म्हटले आहे. पालीतील 'उपादान' या शब्दाचेही 'सरपण' आणि 'आसक्ती' असे दोन्ही अर्थ होतात. सरपण संपले की अग्नी आपोआप शांत होतो.

त्यामुळे निर्वाण जिवंतपणीच प्राप्त होऊ शकते. बुद्धांना पस्तिसाव्या वर्षी बोधी प्राप्त झाली आणि त्यानंतर ४५ वर्षे त्यांनी धम्मोपदेश केला. देह असतानाच्या या अवस्थेस 'सउपादिसेस', तर देहान्तानंतरच्या अवस्थेस 'अनुपादिसेस' निब्बान म्हणतात. बुद्धांच्या ८० व्या वर्षी कुशीनगर येथे झालेल्या देहान्ताला महापरिनिर्वाण ही संज्ञा आहे. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यातील पहुडलेली भव्य मूर्ती याच प्रसंगाची आहे. मुक्त भिक्खू मृत्यूनंतर कोठे जन्म घेतो, असे वच्छगोत्ताने विचारले, तेव्हा विझलेला अग्नी कोणत्या दिशेला गेला, असा प्रतिप्रश्न बुद्धांनी केला होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात याच बाजूवर भर आहे. निब्बान म्हणजे आत्म्याचा मोक्ष नव्हे, तर विकारांवर ताबा ठेवून सदाचाराने जगणाऱ्या माणसाचे इहलोकीचे सुख, असे त्यांनी प्रतिपादन केले.